तीन जिनिंगांचा एक पाळणा

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा आणि मनात एक पाळणा आणा. चांगला सागवानी. दोन बाजूंना दोन उभे खांब, वर आडवी दांडी, आणि दांडीला पितळी कड्यांनी टांगलेला. चारी कोपऱ्यांवर हिरवे राघू. आता त्या पाळण्यात एक गुटगुटीत बाळ ठेवा. पण नको, थांबा. बाळ ठेवू नका. माझी सगळी गोष्ट तिथंच अडली होती.

मी एक जुना पाळणा आहे. आता माझ्या कड्या झिजल्या आहेत आणि चारांपैकी दोनच राघूंना चोची उरल्या आहेत. पण मी नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. पहिली तीन वर्षं माझ्यात एकही बाळ निजलं नाही. तरीही सरकारी कागदांत माझ्याबद्दल चांगलंच लिहिलेलं होतं.

माझा जन्म जालन्यातल्या मस्तगडचा. साल एकोणीसशे त्रेपन्न, दिवाळीच्या आधीचे दिवस. बालकिशन मुनीमजी सुताराच्या दारात आले आणि म्हणाले की एक पाळणा पाहिजे, जल्दी पाहिजे, आणि उचलायला हलका पाहिजे. सुतारानं रंधा थांबवला आणि विचारलं, "बाळ कुणाचं?"

"सरकारचं," मुनीमजी म्हणाले.

सुतार हसला. त्याला वाटलं, मुनीमजी थट्टा करतात. पण मुनीमजी थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

मुलांनो, त्याचं असं होतं. तेव्हा जालन्यात कापसाच्या जिनिंगा होत्या. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं यंत्रं धडधडत, आणि त्या यंत्रांना ओंजळीओंजळीनं कापूस भरवायचं काम बाया करत. आसपासच्या खेड्यांतून त्या येत आणि तान्ही पोरं बरोबर आणत. घरी ठेवणार कुणाजवळ? पोरं कापसाच्या ढिगाशी लोळत. कापसाची बारीक धूळ त्यांच्या नाकातोंडात जाई.

मग स्वतंत्र भारताच्या सरकारनं कारखान्यांसाठी नवा कायदा केला. त्यात लिहिलं होतं की ज्या कारखान्यात पन्नासांहून जास्त बाया काम करतात, तिथं मालकानं सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी एक वेगळी खोली द्यावी. खोलीत उजेड असावा, हवा असावी, आणि लेकरांकडे बघायला एक बाई असावी. किती साधी गोष्ट, नाही का? पण साध्या गोष्टींनाच माणसं फार घाबरतात.

आमच्या झुंबरलाल शेठजींच्या जिनिंगमध्ये बासष्ट बाया होत्या. शेठजी वाईट नव्हते. उन्हाळ्यात ते रस्त्यावर पाणपोई घालत आणि स्वतः उभे राहून लोकांना पाणी पाजत. पण खोली द्यायची म्हटल्यावर त्यांचा जीव कासावीस झाला. जादाची खोली एकच होती, आणि तिच्यात बारदान भरलेलं होतं. बारदान म्हणजे कापूस भरायची तागाची पोती. शेठजींचं म्हणणं, पोरं पोत्यांवर नाचतील, आणि पोती बाहेर ठेवली तर उंदीर खातील. शेजारच्या बद्रीनारायण शेठजींचीही हीच अडचण. स्टेशनापलीकडच्या तिसऱ्या जिनिंगवाल्यांचीही हीच.

तेव्हा झुंबरलालजींच्या बालकिशन मुनीमजींनी अक्कल लढवली. कारखाने तपासणारे साहेब वर्षातून एकदाच हैदराबादेहून येतात. एका दिवसात तिन्ही जिनिंगा बघतात. साहेब एकच, मग पाळणे तीन कशाला? तिघा शेठजींनी मिळून मला करवून घेतलं. वर मुनीमजींनी एक पाटी रंगवून घेतली. तिच्या एका बाजूला 'बारदान' असं लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला 'पाळणाघर'. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस पाटीची पहिली बाजू दिसे. एक दिवस दुसरी.

त्या साहेबांचं नाव धर्मराज. उंच, कृश, डोळ्यांवर जाड भिंगं, काखेत छत्री. स्वभावानं असे सरळ की मालकाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. स्वतःचा डबा आणत आणि लिंबाच्या झाडाखाली बसून जेवत. मागचे दात पडलेले असल्यामुळं एकेक घास फार वेळ चावत. तेवढ्या वेळात मला बैलगाडीत घालून मागच्या फाटकानं पुढच्या जिनिंगला नेता येई. साहेबांचा प्रामाणिकपणा आणि साहेबांचे दात, या दोन्हींवर मुनीमजींची सगळी योजना उभी होती.

पहिल्या वर्षी साहेबांनी मला तिन्ही ठिकाणी बघितलं, माझ्या राघूंवर बोट फिरवलं आणि तिन्ही ठिकाणी लिहिलं, पाळणा आहे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, आता बाळ येणार. पण साहेबांचा टांगा वळला तशी पाटी उलटली आणि मी पोत्यांवर पालथा पडलो.

दुसऱ्या वर्षी साहेबांनी विचारलं की पाळण्यात बाळ का नाही. झुंबरलालजींच्या जिनिंगमध्ये उत्तर मिळालं, मामाच्या गावाला गेलं. बद्रीनारायणजींकडेही, मामाच्या गावाला गेलं. तिसरीकडेही तेच. साहेबांनी भिंगं पुसली. जालन्यातले सगळे मामा आपल्या भाच्यांना एकाच दिवशी बोलावतात याचं त्यांना फार नवल वाटलं. पुढच्या वर्षी पाळण्यात बाळ दिसलं पाहिजे, एवढं सांगून ते गेले.

आणि तिसऱ्या वर्षी गोजरबाई आली.

गोजरबाई वडीगोद्रीची. जालन्यात तिचं कुणी नव्हतं. हंगामासाठी आली होती, बरोबर पाच वर्षांची सोनू आणि सहा महिन्यांचा कचरू. कचरूच्या आधीचं एक लेकरू गेलं होतं, म्हणून याचं नाव असं ठेवलेलं, की कुणाची नजर लागू नये. दिवसभर कचरू सोनूच्या कडेवर असे. पोर केवढी आणि तिच्या कडेवरचं पोर केवढं. चालताना ती एका बाजूला इतकी झुकायची की मला खिडकीतून बघताना वाटे, आता पडली.

एकदा दमलेल्या सोनूनं कचरूला कापसाच्या ढिगावर निजवलं आणि स्वतःही पेंगली. तुळजाबाई नावाच्या एका बाईनं टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि यंत्राकडे चालू लागली. वाटेत ती कुरकुरली की कापूस ओला दिसतो, लई जड लागून राह्यला. तेवढ्यात टोपली खोकली. तुळजाबाईनं टोपली खाली ठेवून बघितली तर आत कचरू, पांढराशुभ्र, भुवयांनासुद्धा कापूस. यंत्र तिथून दहा पावलांवर होतं.

नंतर त्या गोष्टीवर बाया हसल्या. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मुकादमानं हुकूम काढला की उद्यापासून पोरं कुंपणाच्या आत नकोत, ज्या बाईला जमत नसेल तिनं गावाकडं जावं. गावाकडं जाऊन गोजरबाई खाणार काय? तेव्हापासून सोनू भावाला घेऊन कुंपणाच्या भिंतीबाहेर उन्हात बसू लागली. कचरूचा खोकला वाढला. आणि मी, सागवानी, चार राघूंचा, आत सावलीत पोत्यांवर रिकामा पडून होतो. पाळण्याला याहून मोठी शरम नसते.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मला पुसायला बाहेर काढलं, तेव्हा गोजरबाई पदर सावरत मुनीमजींसमोर येऊन उभी राहिली. "मुनीमजी, एक दिस माझ्या कचरूला ठिवा की त्याच्यात. सायबाला बी लेकरू दिसंल, लेकराला बी सावली भेटंल."

मुनीमजींनी खरोखरच विचार केला. मग मान हलवली. "नको बाई. तो खोकून राह्यला. साहेबानं ऐकलं तर कापसाच्या धुळीची आणखी एक चौकशी लागंल."

शिवाय जिवंत बाळाला बैलगाडीतून तीन जिनिंगा फिरवायचं म्हणजे दूध आलं, रडणं आलं, आई आली. मुनीमजींना न रडणारं बाळ हवं होतं. आणि आणखी एक काळजी होती. रिकामा पाळणा हलवू नये असं आपल्याकडं सगळेच मानतात, मुनीमजी तर फारच. मागची दोन वर्षं मी गाडीत रिकामा झुलत जायचो तेव्हा रस्त्यातल्या बाया तोंडाला पदर लावत आणि मुनीमजी मनात देवाची माफी मागत.

दोन्ही अडचणींवर त्यांना एकच उपाय सापडला. शेजारच्या एका बारशाला त्यांनी बघितलं होतं की बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. पाट्यावर चटणी वाटायचा तो दगडी वरवंटा. त्याला टोपडं घालतात, दुपट्यात गुंडाळतात आणि लाडानं हलवतात. मग पाळणा रिकामा राहत नाही. मुनीमजी दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींच्या घरी गेले आणि कुणाला न विचारता स्वयंपाकघरातला वरवंटा उपरण्याखाली घालून घेऊन आले. बारदानाच्या खोलीत बसून त्यांनी त्याला लाल टोपडं बांधलं. तोंड भिंतीकडं केलं. गळ्यापर्यंत दुपटं ओढलं.

कुंपणाबाहेर उघडणाऱ्या मागच्या खिडकीच्या गजांतून दोन डोळे हे सगळं बघत होते. सोनू होती. तिनं कडेवरच्या कचरूला हळूच सांगितलं, "दगडाला टोपडं घातलं बघ. तुला न्हाई."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा पहिला भार. मी त्या दगडालाही जपलं. काय करणार, सवय व्हावी म्हणून.

त्या वर्षी साहेबांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी स्टेशनापलीकडची जिनिंग, म्हणून मलाही गाडीतून आधी तिकडं नेलं. साहेब खोलीत आले, दुपट्याखालचा उंचवटा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. स्वतः पाच लेकरांचे बाप होते ते. लगेच त्यांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि चवड्यांवर चालत बाहेर गेले. बाळाचं नाव विचारलं, तर तिथल्या कारकुनानं सांगितलं, गोपाळ. साहेबांनी लिहून घेतलं. मग साहेब हजेरीवह्या तपासत बसले तेवढ्यात मी गाडीत. दुसऱ्या ठिकाणी, बद्रीनारायणजींकडे, पुन्हा तेच बोट, पुन्हा तेच चवडे. तिथल्या माणसानं नाव सांगितलं, कमळा. साहेबांनी तेही लिहिलं. मात्र या वेळी जाताना त्यांनी एकदा मागं वळून बघितलं.

डबा खाऊन साहेब तिसरीकडे, आमच्या झुंबरलालजींच्या जिनिंगमध्ये आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी धापा टाकत नुकताच पोचलो होतो. पाटी 'पाळणाघर' म्हणत होती. बाळ निजलेलं होतं.

साहेब या वेळी बाहेर गेले नाहीत. छत्री भिंतीला टेकवून स्टुलावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाव तास झाला. बाहेर यंत्रांची धडधड चालू, कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा दणका चालू, आणि बाळ हूं की चूं करेना.

"शेठजी," साहेब अगदी हळू बोलले, "तीन कारखाने, तीन बच्चे. एक भी हिला नहीं. सच बोलो, इनको अफीम देते क्या?"

मुलांनो, त्या काळी काही ठिकाणी लेकरांनी कामात अडथळा आणू नये म्हणून त्यांना अफू चाटवत. फार वाईट प्रकार होता तो. साहेबांनी असली पोरं डोळ्यांनी बघितली होती.

आणि आता गंमत ऐका. पाळणा फिरतो हे शेठजींना माहीत होतं, पण वरवंट्याची गोष्ट मुनीमजींनी त्यांना सांगितलीच नव्हती. मुनीमजींनी कुणाचं तरी पोर मिळवलं असणार, अशीच त्यांची समजूत होती. अफू म्हटल्यावर शेठजींच्या तोंडचं पाणी पळालं. "बालकिशन, कुणाचं पोर आहे हे? अफू कुणी दिली? डॉक्टरला बोलाव जल्दी."

मुनीमजी जागचे हलेनात. बाळ आहे म्हणावं तर डॉक्टर येणार. बाळ नाही म्हणावं तर साहेब समोर बसलेले. घाम पुसत ते एवढंच म्हणाले की बाळाची झोप मुळातच गाढ आहे.

साहेब उठले. बाही सारली आणि बाळाला उचलायला वाकले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सायब, उचलू नका. वरवंटा हाय तो. पायावर पडंल तुमच्या."

दारात सोनू उभी होती, कडेवर कचरू. ऊन फार झालं म्हणून भिंतीच्या खिंडारातून ती आत शिरली होती. कुणाची चहाडी करावी असं तिच्या मनातही नव्हतं. तिला खरोखरच साहेबांच्या पायाची काळजी वाटली होती.

साहेबांनी दोन्ही हातांनी दुपटं उचललं. त्यांना ते चांगलंच जड गेलं. टोपडं सोडलं. काळाभोर दगड, कडेला थोडी वाळलेली चटणी. साहेबांनी तो उजेडात धरला, वास घेतला, पुन्हा पाळण्यात ठेवला, तिन्हीकडे बघितलेले तेच चार राघू ओळखले आणि वही उघडली. गोपाळ खोडलं. कमळा खोडलं.

मग ते शांतपणे म्हणाले की हा खटला कोर्टात जाईल. पाळणा आणि दगड, दोन्हींना लाखेची मोहर लावून पुरावा म्हणून न्यायाधीशांसमोर ठेवावं लागेल, आणि मुनीमजींना शपथेवर सांगावं लागेल की गोपाळ आणि कमळा म्हणजे एकच वरवंटा. शेठजींना दंडाची भीती नव्हती. पण सारं जालना कोर्टात जमलंय आणि आपण दगडाशेजारी उभे आहोत, हे चित्र डोळ्यांसमोर येताच ते पोत्यावर बसले.

गोजरबाई यंत्रावरून धावत आली होती. केसांत कापूस, चेहरा उतरलेला. तिनं सोनूला मागं ओढलं आणि मुकादमाकडं बघितलं. मुकादम तिच्याकडंच बघत होता. आपलं काम गेलं, हे तिला तिथंच समजलं. सोनूनं आईकडं बघून विचारलं, "मी खोटं बोलले का गं?"

त्याच वेळी फाटकाशी टांगा थांबला. शेठजींच्या आई इचरजबाई आल्या होत्या. सकाळपासून घरात चटणी वाटली गेली नव्हती, आणि उपरण्याखाली काहीतरी लपवून मुनीमजी गेले, असं मोलकरणीनं सांगितलं होतं. आपला वरवंटा पाळण्यात बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. साहेबांनी अदबीनं सगळं सांगितलं, दगड सरकारजमा होईल हेही सांगितलं.

"तीन वर्षं रिकामा पाळणा गावभर झुलवला?" त्या मुलाला म्हणाल्या. "आणि सकाळी देवळात जाताना मी या पोरीला बाहेर उन्हात बघितलं. तिच्या कडेवरचं बाळ खोकत होतं. दगडाला सावली आणि लेकराला ऊन, अशी रीत कुठून शिकलास, झुंबर? मी तर शिकवली नव्हती."

शेठजींनी मान खाली घातली. बारदान काढतो, म्हणाले. खोली देतो. साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत लिहिली, तिन्ही जिनिंगांना, तीन खोल्या आणि तीन वेगवेगळे पाळणे. तेवढ्यात झालं नाही तर कोर्ट. मुकादमाची मघाची नजर त्यांनी टिपली होती; गोजरबाईला नाव विचारून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि मुकादमाला वाचून दाखवली. गोजरबाईचं नाव उद्याच्या हजेरीत दिसलं पाहिजे, परवाच्याही. लेकरू खरं बोललं म्हणून आईला कामावरून काढता येत नाही.

मित्रांनो, आपलं मागणं शेवटी मांडायचं अशी आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. पण मी माझं आधीच मांडतो, कारण या गोष्टीचा शेवट माझा नाही, सोनूचा आहे. माझं मागणं एवढंच. एखाद्या दारावर चांगली पाटी दिसली तर तेवढ्यावर खूश होऊ नका. आत डोकावून बघा. आणि जे दिसेल ते, कुणाच्या पायावर पडायच्या आत, मोठ्यानं सांगा.

तर आता त्या खोलीत मोठ्या माणसांचं बोलणं सुरू झालं. शेठजी म्हणत होते, पोती आधी मोजावी लागतील. मुनीमजी म्हणत होते, खिडकी मोठी करायची तर गवंडी सोमवारीच मिळेल. मुकादमाला लेकरांकडे बघायला कोणती बाई नेमावी हे समजत नव्हतं, आणि तुळजाबाई दारातून आपलं नाव सुचवत होती. इचरजबाई वरवंटा आत्ताच पाहिजे म्हणून हटून बसल्या होत्या, आणि मोहर न लावता पुरावा कसा सोडायचा, ते साहेब भिंगं पुसत पुन्हा पुन्हा समजावत होते. सगळे एकदम बोलत होते.

सोनूनं हे थोडा वेळ ऐकलं. मग कचरूला आईच्या हातात दिलं, माझ्याजवळ आली आणि दोन्ही हातांनी वरवंटा छातीशी धरून उचलला. लाल झाली, पण पाडला नाही. तो तिनं नीट साहेबांच्या पायांपासून लांब, भिंतीशी ठेवला. माझ्यातलं दुपटं झटकलं. कचरूला परत घेतलं, माझ्यात निजवलं आणि ते लाल टोपडं त्याच्या डोक्यावर बांधलं.

कड्या करकरल्या. दगडाहून हलका भार होता तो, पण गरम होता आणि पाय झाडत होता. कचरू एकदा खोकला, दोनदा खोकला, माझ्या एका राघूकडं बघितलं आणि डोळे मिटले.

शेठजी पोत्यांचा आकडा सांगत होते. मुनीमजी सोमवार म्हणत होते. सोनूनं एका हातानं मला हलकासा झोका दिला, त्या सगळ्यांकडं वळली आणि साहेबांसारखंच आपल्या ओठांवर बोट ठेवलं.